मयू रडली काय?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. माहेरी नेरडीगोंड्याला आई शेवटची आजारी होती, तेव्हा तिच्या उशाशी बसून पुष्कळ काही बोलून टाकलं मी — पण हे नाही. देवळात हात जोडते तेव्हासुद्धा हे वगळूनच बोलते. आता तुमच्यासमोर बसले आहे. तुम्ही मला ओळखत नाही, आमच्या घराला ओळखत नाही, तरी जीभ जड झालीय. कुठून सुरू करू?

घरापासून करते. ते सोपं आहे.

आमचं घर आदिलाबादजवळ, मराठी-तेलुगू सीमेवरच्या जैनथला. दोघे भाऊ, त्यांच्या आम्ही दोघी बायका, आणि एकच स्वयंपाकघर. सासू-सासरे माझ्या लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेले. घरची थोडी भाजीची वाडी आहे. दोघे भाऊ टेम्पोत भाजी भरून आठवडी बाजार करतात — आज बेला, उद्या उटनूर, परवा आणखी कुठे. उजाडायच्या आधी निघतात आणि दिवेलागणीला परततात. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघी जावा आणि लेकरं. हे लक्षात ठेवा. दिवसभर घरात काय चाललं ते पाहणारं दुसरं कोणी नव्हतं.

मोठ्या जाऊबाईंचं नाव वनिता. मी त्यांना ताई म्हणते. ताई पैनगंगेपलीकडच्या, पांढरकवड्याच्या. लग्नाआधी तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायच्या, त्याचा कोर्स केलेल्या. लग्न झालं आणि ते सुटलं. मग चार वर्षं मूल नव्हतं, मग मयू झाली. मीही काही अगदीच घरबशी नव्हते — इंटर, म्हणजे बारावी झाल्यावर आदिलाबादला मावशीकडे राहून दीड वर्षं झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात बसत होते. मराठी, तेलुगू, हिंदी, तिन्ही मला सारख्याच येतात. पण लग्नानंतर माझ्या त्या तीन भाषा कोथिंबीर निवडत बसल्या.

आम्हा दोघींचं पटायचं. नुसतं पटायचं असं नाही — मला बहीण नव्हती, आणि ताई मिळाल्यावर ती उणीव वाटेनाशी झाली. हे मी आज गोड बोलायचं म्हणून सांगत नाही. हे खरं होतं. म्हणूनच तर पुढचं झालं.

मयू साडेतीन वर्षांची झाली तेव्हा ताईंच्या मनात परत कामाला जायचं आलं. आदिलाबादला एक नवी लॅब निघाली होती. तिथले डॉक्टर माणसं शोधत होते. पण ताईंना भीती वाटत होती — साडेसात वर्षं सुई हातात धरली नव्हती. शीर सापडेल का? हात थरथरला तर?

मी म्हटलं, माझ्या हातावर करा.

दुपारी सौरभ, माझा मुलगा, शाळेत असायचा. मयू झोपायची. मी ओसरीत बसून डावा हात पुढे करायची. ताई दंडाला रबर बांधायच्या, कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपायच्या, आणि श्वास धरून सुई घालायच्या. पहिल्या दिवशी दोनदा चुकलं. माझा हात काळानिळा झाला. नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, कपाटाचं दार लागलं. पाचव्या का सहाव्या दिवशी सुई एका झटक्यात गेली आणि नळीत रक्त आलं, तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसत होते. माझंच रक्त, आणि मीच हसत होते.

मी त्यांना तेलुगूही शिकवली. पेशंटला हात पुढे करा म्हणायचं तर "चेय्यि चापंडी". घाबरू नका म्हणायचं तर "भयपडकंडी". ताईंच्या तोंडून ते असं निघायचं की मयूसुद्धा खिदळायची.

आणि आमचं ठरलं होतं. ते मी शब्दाला शब्द सांगू शकते, कारण पुढे किती वेळा मनात उगाळलं त्याला गणती नाही. भाकऱ्या थापता थापता ताई म्हणाल्या होत्या, "आधी मी जाते रेखा. मयूले तू सांभाळ. दोन-तीन महिन्यांत काउंटरवर माणूस लागणार हाये, डॉक्टर म्हणत होते. तिथं तुलेच लावते. तुह्यासारखं तीन भाषांत बोलणारं त्यायले कुठं भेटते? तोवर मयूले सौरभच्या शाळेत टाकून देऊ."

मी काही मागितलं नव्हतं हो. त्यांनीच दिलं होतं. आणि मी ते घेतलं. कोणत्या दिवशी कोणती साडी नेसायची इथपर्यंत मी मनात ठरवून ठेवलं होतं. भांडी घासताना फोन उचलल्यासारखं हळूच तेलुगूत बोलायची — काय काम आहे, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल, उपाशीपोटी या. तुम्ही हसाल. हसा.

भासऱ्यांनी, म्हणजे ताईंच्या नवऱ्यांनी, आधी कुरकुर केली. पण मी मध्ये पडले — मयूचं मी बघते, तुमी काळजी नका करू — आणि ते गप्प झाले. ताई सकाळी सातच्या बसने जाऊ लागल्या. दुपारी बाराला, तिथली गर्दी ओसरली की फोन यायचा. रोज. पहिला प्रश्न एकच.

"मयू रडली काय?"

आणि मी खरं सांगायची. नाही रडली. शेजारच्या शेळीला पाला चारून राह्यली. डब्यात खडे घालून वाजवून राह्यली. वरण-भात खाऊन झोपली. मयू तशीच होती, हसरी, कुणाच्याही कडेवर जाणारी. आई गेली म्हणून तिने एकदाही भोकाड पसरलं नाही. मी हे सांगितलं की ताई पलीकडून म्हणायच्या, "बरं झालं माय." पण त्याआधी एक क्षण गप्प व्हायच्या. तो एक क्षण माझ्या लक्षात आला होता. लेकरू आपल्यावाचून सुखात आहे हे आईला हवंही असतं आणि बोचतंही. मीही आई आहे. मला ते कळत होतं. तेव्हा त्यात वाईट काही नव्हतं — नुसतं कळत होतं.

तिसरा महिना चालू होता. सौरभच्या शाळेचा गणवेश घ्यायला मी आदिलाबादला गेले. मयूला कडेवर घेतलं होतं. खरेदी लवकर झाली, म्हटलं चला, ताईंना चकित करू. लॅब पहिल्या मजल्यावर होती. जिना चढून वर गेले.

काउंटरवर एक मुलगी बसली होती.

वीस-बावीसची असेल. वेणीत मोगरा, पुढ्यात वही, कानाला फोन. ती नेमकं तेच बोलत होती जे मी भांडी घासताना बोलायची. रिपोर्ट संध्याकाळी. उपाशीपोटी या. मी तिथेच उभी राहिले. तिने फोन ठेवला आणि तेलुगूत विचारलं, काय टेस्ट आहे. मी म्हटलं, टेस्ट नाही, वनिता मॅडमना भेटायचंय. तुम्ही इथे कधीपासून? ती म्हणाली, आठ दिवस झाले. बोलकी होती बिचारी. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. सांगत सुटली — डॉक्टरांनी आधी वनिता मॅडमनाच विचारलं होतं, तुमच्या घरचं कुणी येणार होतं ना? तर मॅडम म्हणाल्या, नाही, तिला जमत नाही, तिच्याकडे लहान मूल आहे सांभाळायला. म्हणून मला घेतलं.

ते लहान मूल माझ्या कडेवर होतं. मोगऱ्याच्या वेणीकडे हात करत होतं.

तेवढ्यात ताई आतून आल्या. पांढरा कोट, हातात नळ्यांचा ट्रे. त्यांनी मला पाहिलं, मग त्या मुलीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. मग म्हणाल्या, "आली काय? चहा घेतं?" बस, एवढंच. मी चहा घेतला. पाच मिनिटं बसले. मयू आईकडे गेली, परत माझ्याकडे आली. मी जिना उतरले.

बसमध्ये मयूला मांडीवर घेऊन बसले. चिडले होते का? चिडणं सोपं असतं, त्याला तोंड फुटतं. मला आठवत होता माझाच हात. काळानिळा झालेला. मला वाटत होतं, या बाईने माझ्यात सुई घालून हात बसवला, आणि हात बसल्यावर मला खाली ठेवून दिलं. बहीण म्हणवत होती. मला नुसतं विचारलं असतं — रेखा, अजून सहा महिने थांब, मयू लहान आहे — तर मी थांबले नसते का? थांबले असते. शंभरदा थांबले असते. पण मला न विचारता, माझ्याच तोंडचं 'नाही' त्यांनी परस्पर सांगून टाकलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. भाजी कोणती करू एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाराला फोन आला.

"मयू रडली काय?"

मयू माझ्यासमोर ओट्यावर बसली होती. भिजवलेल्या कणकेच्या चिमण्या करत होती. एक चिमणी तिने माझ्या गुडघ्यावर ठेवली.

मी म्हटलं, "हो. रडली."

मग ताईंचा आवाज — "लय रडली काय?"

"तुमी गेल्यावर उठली आन् दारात जाऊन बसली. आई कुठं गेली म्हणून."

मी हे आधी ठरवलं नव्हतं असं म्हणू का? म्हणता येईल. पण खरं तर पहिला शब्द निघाला तेवढाच न ठरवता निघाला असेल. दारात जाऊन बसल्याचं मी रचलं. ते रचायला मला वेळ लागला नाही. आणि ताई ज्या आवाजात "अरे देवा" म्हणाल्या, तो ऐकून मला — आता सांगतेच आहे तर सांगते — बरं वाटलं. दुखऱ्या जागेवर गार पाणी पडावं तसं.

त्यानंतर मी रोज खोटं बोलले.

कधी, जेवली नाही. कधी, रडता रडता झोपली. कधी, झोपेत तुमचं नाव घेतलं. रोज थोडं थोडं, वरणात मीठ टाकतात तितकंच. जास्त झालं तर ताई धावत येतील आणि मयूला हसताना बघतील, हे मला कळत होतं. मी हुशार होते. तीन भाषांत बोलणारी.

पण ताई संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा मयू मजेत असायची. एकदा ताई म्हणाल्या, आता तर चांगली हसून राह्यली. मी म्हटलं, तुमाले पाहून हसते, दिवसभर पाहा मंग. त्यांनी मयूला उचलून घेतलं, पण मला धडकी भरली. आणि मग मी जे केलं ते — इथपर्यंत मी दोन-तीनदा मनात येऊन परत फिरले आहे. आज फिरत नाही.

मी मयूला शिकवलं.

साडेतीन वर्षांच्या लेकराला मी समोर बसवलं आणि शिकवलं. आई आली की तिच्या पायाला मिठी मारायची. आणि म्हणायचं, "आई, मले सोडून नको जाऊ." तिला तो खेळ वाटला. ती माझ्या पायाला मिठी मारून तालमीसारखं करून दाखवायची. नीट म्हटलं की मी तिला गुळाचा खडा द्यायची. चेहरा कसा करायचा तेही मी दाखवलं — ओठ असा बाहेर काढ. ती ओठ काढायची आणि लगेच हसायची. मी म्हणायची, हसू नको, हसली तर गूळ नाही.

चार दिवसांत तिला ते जमलं.

ताई दारात आल्या. मयू पळत गेली, पायाला मिठी मारली, आणि बोलली. स्पष्ट. एक शब्द चुकला नाही. ताई तिथेच दारात खाली बसल्या. पर्स खांद्यावरून घसरून पडली. लेकराला छातीशी धरून त्या हमसून रडायला लागल्या. त्यांच्या खांद्यावरून मयू माझ्याकडे बघत होती. तिने हात पुढे केला होता, तळवा वर करून. गूळ मागत होती.

मी दिला. नंतर, आत नेऊन.

पुढे ते नाटक राहिलं नाही. आई रोज आपल्याला धरून रडते हे बघून मयूच घाबरली. सकाळी ताई निघाल्या की ती खरोखर चिकटू लागली. बस येईपर्यंत तिला ओढून काढावं लागायचं. बस गेली की पाच मिनिटांत ती शेळीकडे पळायची — पण ते कोण बघत होतं? ताई बसच्या खिडकीतून जेवढं दिसायचं तेवढं घेऊन जात होत्या. त्या जेवेनाशा झाल्या. रविवारीही त्यांचं डोकं दुखायचं. भासरे म्हणू लागले, "काऊन जीव जाळून राह्यली? लेकरू असं करून राह्यलं तर सोड ना." चौथा महिना संपला आणि ताईंनी लॅब सोडली.

त्या दिवशी दुपारीच घरी आल्या. पांढरा कोट धुतला, वाळवला, इस्त्री केली आणि ट्रंकेत तळाला ठेवला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मनात म्हटलं होतं, आता आपण दोघी सारख्या झालो. असं म्हटलं होतं मी. हेच शब्द.

तुम्हाला वाटेल, त्याची शिक्षा मला कुठेतरी मिळाली असेल. नाही मिळाली. उलट झालं. दोन वर्षांनी आमच्या गावात दाखले काढून देणारं, अर्ज भरून देणारं केंद्र निघालं. संगणकावर बसायला तेलुगू आणि मराठी दोन्ही येणारी बाई हवी होती. मी गेले. आजही जाते. मी कामाला परत गेले तेव्हा सौरभ आठ वर्षांचा होता, मयू सहाची, आणि दोघांना सांभाळायला घरी कोण होतं? ताई. त्यांनी एका शब्दाने म्हटलं नाही, की मी गेले तेव्हा असं झालं, तू कशी जातेस. उलट माझा डबा त्या भरायच्या. मी संध्याकाळी आले की सांगायच्या — सौरभने दोन पोळ्या खाल्ल्या, खेळताना गुडघा फुटला, हळद लावली, रडला नाही. सगळं खरं. जसंच्या तसं. रोज.

आणि मयूच्या रडण्याची गोष्ट आमच्या घरात मुरली. पाहुणे आले, कुणाचं लग्न असलं, की कुणीतरी काढायचंच. "हे पोट्टी लहानपणी इतकी रडायची की माह्या नोकरीवर पाणी पडलं," ताई हसत म्हणायच्या आणि मयूच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. सगळे हसायचे. मयूही हसायची, लहान होती तोवर. मग हसेनाशी झाली. समजूतदार झाली. शाळेची सहल असली तर जायची नाही. मैत्रिणीकडे राहायची नाही. आईचं डोकं दुखलं तर अभ्यास टाकून पाय दाबत बसायची. लोक म्हणायचे, किती गुणाची पोरगी. मीही म्हणायची.

अजून एक राहिलं. मला वाटतं, मुख्य हेच आहे.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. सकाळची वेळ होती, ऊन अजून कोवळं होतं. मयू खाली होती. ताई सोऱ्या फिरवता फिरवता थांबल्या. म्हणाल्या, "रेखा, एक गोष्ट सांगायची हाये तुले. लय वर्सं झाली, सांगणं झालं नाई."

आणि त्यांनी सांगितलं. काउंटरची जागा निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं. आणि त्यांनीच नाही म्हटलं होतं. "तू गेली असती तर मयूले कोणी पाह्यलं असतं? माहं काम सुटलं असतं. मी सवारथी झाली. तुह्या तोंडातला घास काढला. तुले इचारलं बी नाई." त्या रडत होत्या. हात पिठाचे होते म्हणून डोळे दंडाला पुसत होत्या. मग म्हणाल्या — हे ऐका — "देवानं मले तिथंच दाखवलं पाय. तुह्यासंग असं केलं आन् त्याच महिन्यात माही लेक रडाले लागली. तोवर एक दिवस रडली नव्हती. मले कळत होतं, हे माह्याच पापाचं हाये. म्हणून मी सोडलं. मले माफ कर माय."

दहा वर्षं त्या असं समजून जगल्या होत्या.

आता तुम्ही सांगा, माझ्यापुढे काय होतं? दार उघडं होतं. त्यांनीच उघडलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं — ताई, मला ते त्याच दिवशी कळलं होतं. आणि मयू रडली नव्हती. दोन वाक्यं. मी तोंड उघडलंही होतं.

मी म्हटलं, "जाऊ द्या ताई. झालं गेलं. माह्या मनात कवाच काही नव्हतं."

मी त्यांना माफ केलं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडल्या, आणि मग मोकळ्या झाल्या. कुरडया घालताना गाणं गुणगुणू लागल्या. त्या दिवसापासून त्या मला देवमाणूस समजतात. चारचौघांत सांगतात, माह्या जावेसारखं मन कोणाचं नाई. मी खाली बघते. लोकांना तो विनय वाटतो.

एवढ्यावर थांबले असते तरी पुरे होतं. पण या जूनमध्ये मयूचं इंटर झालं. चांगले गुण पडले. हैदराबादच्या एका कॉलेजात तिला नर्सिंगला जागा मिळत होती. हॉस्टेलही होतं. भासरे तयार होते. ताईसुद्धा मन घट्ट करून हो म्हणाल्या होत्या. मयूच जात नव्हती. कारण विचारलं की म्हणायची, मन नाई होत.

एका दुपारी ती माझ्या केंद्रात आली. कुणी नव्हतं. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. अर्ज भरायला येणारी माणसं बसतात तशी, कडेला, अवघडून. म्हणाली, "काकू, एक इचारू? खरं सांगजा."

मी म्हटलं, इचार.

"आई सांगते, मी लहानपणी लय रडायची. मले तर काहीच आठवत नाई. मले आठवते ते तुमच्याजवळ खेळलेलं. शेळीचं आठवते. तुमी गूळ द्यायच्या ते आठवते. रडल्याचं आठवत नाई. मी खरंच एवढी रडायची काय? माह्यामुळंच सोडली काय आईनं नोकरी?"

ती माझ्याकडे बघत होती. सतरा वर्षांची. तिला शंका आली नव्हती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती, आणि त्यासाठी ती घरातल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे आली होती. मी 'नाही' म्हटलं असतं तर ती पुढच्या आठवड्यात हैदराबादला गेली असती. पण मग तिने विचारलं असतं, मग आई असं काऊन म्हणते? आणि घरी जाऊन तिने ताईंना विचारलं असतं.

मी म्हटलं, "हो. लय रडायची तू."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मंग आता तिले सोडून कशी जाऊ?" आणि आदिलाबादच्या डिग्री कॉलेजचा अर्ज तिथेच, माझ्याच हातून भरून घेतला. आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, मी विचारलंसुद्धा नाही. मला सगळं पाठ होतं.

चौदा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा माझ्या पोटात आग होती, कुणीतरी माझा विश्वास मोडला होता. या जूनमध्ये माझा कुणावरही राग नव्हता.